घरची भाषा न विचारता निदान नको

महोदय,

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकवण्याच्या, चर्चेत रॅम्प आणि ब्रेल पुस्तके येतात. मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न क्वचितच येतो. कोल्हापूर जिल्ह्यात तो टाळून चालणार नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर परप्रांतीय कुटुंबे राबतात, गडहिंग्लज-कागलच्या सीमाभागात कन्नड बोलणारी घरे आहेत आणि गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या मुलाबाळांसह फडावर उतरतात.

विशेष शिक्षिका म्हणून नोकरीत असताना यंत्रमाग कामगाराची एक ओडिया मुलगी माझ्याकडे आली. ती वर्गात गप्प बसे. ‘मराठी येत नाही, येईल हळूहळू’ असे म्हणण्यात दोन वर्षे गेली आणि श्रवणतपासणी झाली तेव्हा तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, हे कळले. याउलट, घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलाला मराठीतील प्रश्न उमगले नाहीत म्हणून त्याच्या नावापुढे बौद्धिक अक्षमतेची शंका नोंदवली गेली. शेजारच्या काकूंनी तेच प्रश्न कन्नडमधून विचारताच तो धडाधड उत्तरे देऊ लागला. ही दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण आपल्याकडे प्रचलित असलेली बिने-कामत बुद्धिमापन चाचणी मुळात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठी बेतलेली होती.

अडचण केवळ भाषेची नाही. धाकट्या भावंडाला दिवसभर सांभाळून बैलांना वैरण घालणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलाला ‘पलंगावर चादर घालता येते का’ असे विचारून त्याची दैनंदिन कौशल्ये कशी कळणार? (खोपीत पलंग असतो कुठे!)

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 अंध आणि कर्णबधिर मुलांना योग्य भाषेतून व माध्यमातून शिकवण्याची हमी देतो आणि शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हीच काळजी निदानाच्या टप्प्यावरही घ्यावी. तपासणीच्या अर्जात घरच्या भाषेचा रकाना असावा, ती भाषा जाणणारी व्यक्ती चाचणीला हजर असावी आणि बुद्धिमापनाआधी कान व डोळे तपासावेत. ऊसतोड मुलांची शिबिरे तर हंगामाच्या पहिल्याच महिन्यात घ्यावीत. फेब्रुवारीत नाव नोंदवलेले मूल पुढची तारीख येईपर्यंत टोळीबरोबर गावी परतलेले असते.

– एक निवृत्त विशेष शिक्षिका, कोल्हापूर