बाबलला पत्र: मी पत्ते वाटायला शिकतोय

सावंतवाडी,
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाबल,

परवा फोनवर ‘पोकर’ हा शब्द ऐकलास आणि तू गप्प झालास. मग नेटवर्क जातंय म्हणून फोन ठेवलास. नेटवर्क गेलं नव्हतं, ते मला कळलं. म्हणून आज पत्र लिहायला बसलोय, बोलताना राहून जातं ते सगळं यात सांगतो.

तुमच्या घरात पत्त्यांचा कॅट का ठेवत नाहीत हे मी विसरलेलो नाही. चतुर्थीच्या रात्री तीन पत्तीत काकांची रिक्षा गेली, तेव्हा सकाळी तू आमच्याच पडवीत येऊन बसला होतास. आईने पुढे ठेवलेल्या चहाला तू हात लावला नाहीस. ते सगळं डोळ्यांसमोर असताना मी हे शिकायला घेतलंय.

पहिली गोष्ट, मी खेळायला शिकत नाही. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, पानं वाटणारा डीलर जिंकतही नाही आणि हरतही नाही. पानं पिसायची, वाटायची, कुणी किती लावले ते बघायचं, कॅसिनोचा ठरलेला वाटा, ज्याला रेक म्हणतात, तो पेटीत टाकायचा आणि उरलेला पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, जिंकणाऱ्यापुढे सरकवायचा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. माझं शिकणं तेवढं ऑनलाइन आहे, काम खऱ्या टेबलावरचं आहे.

सुरुवातीला एका ठिकाणी फी भरली, त्यांनी नुसते व्हिडिओ पाठवले. व्हिडिओ बघून हात कसा सुधारणार? आता एक बाई शिकवतात, त्यांनी पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर बरीच वर्षं डीलर म्हणून काम केलंय. मी मोबाईल स्टँडला लावून कॅमेरा हातांवर रोखतो आणि आठवडाभराचा सराव त्यांना पाठवतो. रविवारी त्या व्हिडिओ कॉलवर एकेक चूक दाखवतात. पहिले तीन आठवडे एकच वाक्य ऐकत होतो, “तळाचं पान दिसतंय.”

आपण हवेत धरून फरफर पिसायचो ना, ते तिथे चालत नाही. नवा कॅट आला की आधी सुलटा पसरून बावन्न पानं आहेत का बघायचं. मग उपडी करून टेबलावर दोन्ही हातांनी गोल गोल कालवायची, याला वॉश म्हणतात. आपल्या राजवाड्यातली दशावतारी गंजिफा आठव, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. ती गोल पानं अशीच चादरीवर कालवावी लागतात. पुढे रिफल, रिफल, बॉक्स, रिफल आणि कट. रिफल म्हणजे कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत मिसळायची, बॉक्स म्हणजे वरून थोडी थोडी पानं उचलून एकावर एक रचायची, कट म्हणजे कापायचं. हे सगळं पानं टेबलाला टेकवूनच. कापून झालं की तळाला एक कोरं प्लॅस्टिकचं कार्ड राहतं, म्हणजे शेवटचं पान कुणालाच दिसत नाही, मलाही नाही.

टेबलावर मधली, सगळ्यांची सामायिक पानं उघडायची त्या प्रत्येक वेळेआधी, म्हणजे फ्लॉपची तीन, मग टर्नचं एक, मग रिव्हरचं एक, वरचं एक पान उपडंच बाजूला टाकायचं. वरच्या पानावर कुणी खूण केली असेल किंवा चुकून ते कुणाला दिसलं असेल, तर त्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून. मला हा नियम फार आवडला.

माझी खरी कसोटी हिशोबात लागते. समज, एकाने होते नव्हते ते ५०० लावले, दुसऱ्याने १२०० आणि तिसऱ्याने २०००. पहिला फक्त प्रत्येकाच्या ५०० च्या, म्हणजे १५०० च्या मुख्य पॉटसाठी लढतो. उरलेल्या दोघांचे प्रत्येकी ७००, असा १४०० चा वेगळा पॉट बाजूला. तिसऱ्याचे ८०० त्याला परत. हे बोलता बोलता, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, मोजून वेगळ्या करत, चेहरा न बदलता करायचं. तू असतास तर एका दमात केलं असतंस, मला अजून थांबावं लागतं.

टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उघडून, उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवतो. हात रिकामे आहेत हे सांगायला. पहिल्यांदा मी ते स्वयंपाकघरात करून बघितलं तेव्हा मला काका आठवले. बाबल, त्या रात्री पानं कोण वाटत होतं? जो खेळत होता तोच. तळाचं पान त्याने बघितलं की नाही, काका फसले की नुसते हरले, हे आता कुणालाच कळणार नाही. मी शिकतोय ते काम नेमकं यासाठीच असतं, निदान पानांच्या बाबतीत कुणाला शंका राहू नये यासाठी. माझ्यासमोरही माणसं हरतील, त्यांत कुणी काकांसारखा असेल, आणि त्याचे पैसे दुसऱ्यापुढे सरकवणारे हात माझे असतील. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. या गोष्टीने मला झोप लागली नाही अशा रात्री गेल्या आहेत.

नोकरी पणजीलाच बघतोय. गोव्याच्या कायद्याने टेबलावरचे पत्ते जहाजावरच, किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलांत नुसती यंत्रं. २०२० पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे, कामाला मात्र आसपासची पुष्कळ मुलं जातात. लॉजच्या काउंटरवर आणखी दहा वर्षं काढली तरी माझं काय होणार, ते तू जाणतोस. आई म्हणते, “पत्ते कुटूक शिकाक फी कित्याक व्हयी?” पण रात्री मी सरावाला बसलो की जेवणाच्या टेबलावर घोंगडी तीच अंथरून देते.

पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष चाचणी आहे. नऊ जणांना वाटायचं असतं, आणि माझ्यासमोर रोज नऊ वाट्या असतात. वाटी चिडत नाही, घाई करत नाही, पान नीट पोचलं का ते सांगत नाही.

म्हणून विचारतोय. पुढच्या शनिवारी पुण्याहून येशील? पैसे नाहीत, चिप्ससुद्धा ठेवणार नाही. तू नुसता समोर बस आणि माझ्या हातांकडे बघ. तळाचं पान दिसलं तर सांग. पत्त्यांसमोर बसवणार नसेल तर तसं कळव, मला राग येणार नाही, मग आपण मोती तलावाच्या कट्ट्यावर बसू.

काकूंना नमस्कार सांग. काकांना माझ्या नोकरीचं अजून सांगू नकोस, ते मी स्वतः येऊन सांगेन.

तुझा,
दाजी