आधी पायडले काढा, मग सायकल शिकवा

महोदय,

सुट्टी लागली की मैदानांवर एक ठरलेले दृश्य दिसते. चाळिशी-पन्नाशीतली बाई सायकलवर, मुठी आवळलेल्या, नजर पुढच्या चाकावर. आणि मागे कॅरिअर धरून धापा टाकत पळणारा नवरा किंवा मुलगी. चार फेऱ्यांत गुडघा फुटतो आणि ‘या वयात आता काय जमायचं’ म्हणून सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. यात वयाचा दोष थोडा, शिकवण्याच्या क्रमाचा जास्त. तोल, पायडल, वळण आणि ब्रेक असे सगळे एकदम अंगावर टाकले जाते. लहान मूल आधी सायकलशी खेळते. हातात धरून फिरवते, उलटी करून चाक गरगरवते. मोठ्यांना तेवढा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिला अर्धा तास सायकलवर बसूच नये. हँडल सोडून फक्त सीट धरावी आणि उभी सायकल किंचित डावीकडे कलती करावी. हँडल आपोआप डावीकडे वळते. उजवीकडे कलवली की उजवीकडे. आता तशीच सीट धरून, हँडलला हात न लावता, सायकल मैदानभर चालवत न्यावी. नुसते कलते करून ती हवी तिथे वळवता येते. तोलाचे सगळे गुपित इथे आहे: ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल वळले की चाके पुन्हा अंगाखाली येतात. नवशिका घाबरून नेमके उलट वळवतो आणि पडतो. (चाकांच्या गरगरण्यामुळेच सायकल उभी राहते, हे शाळेत ऐकलेले कारण अपुरे आहे. तो परिणाम काढून टाकलेली सायकलही स्वतःचा तोल सांभाळू शकते, हे २०११ मध्ये संशोधकांनी बनवून दाखवले.) चालता चालता ब्रेकही एकेक करून दाबून पाहावेत. पुढचा जोरात दाबला तर मागचे चाक उचलू पाहते, मागचा दाबला तर ते नुसते फरफटते. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे, हे मग सांगावे लागत नाही.

यानंतर दोन्ही पायडले काढावीत, म्हणजे पायांनी जमीन ढकलत आधी नुसता तोल शिकता येतो. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात आणि बहुतेक जण तिथेच अडतात. सोपी खूण अशी: पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की पायडल सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट बसते. दोन्ही बाजूंना हेच. सीट इतकी खाली घ्यावी की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. मधला आडवा दांडा नसलेली सायकल बरी. टायरमध्ये हवा पुरेशी हवी, नाहीतर हँडल जड लागते.

यात नवे काहीच नाही. कार्ल ड्राइस यांनी जर्मनीत मानहाइमला १८१७ साली जी दुचाकी पळवली तिला पायडले नव्हतीच. पायांनी जमीन ढकलत जायचे. पायडले आली ती १८६०च्या दशकात.

जागा निवडताना लोक ‘पडलो तरी लागणार नाही’ म्हणून दाट गवत धरतात. गवत वेग खाते, आणि वेग गेला की तोल जातो. त्यापेक्षा दाबलेल्या मुरमाचा अगदी हलका उतार पाहावा. पंधरा-वीस मीटर सायकल आपसूक घरंगळेल आणि पुढे सपाटी असेल इतकाच. आधी बसून चालायचे, मग लांब ढांगा टाकायच्या, मग दोन्ही पाय उचलून मनात आकडे मोजायचे. दोनपर्यंत, तीनपर्यंत. पाच-सहा आकडे सलग जमू लागले की तीन-तीन मीटरवर पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्यामधून नागमोडी जायचे. बाटलीकडे बघितले की सायकल बाटलीवरच जाते, म्हणून नजर पुढच्या मोकळ्या जागेवर. या पायरीवर कुणाचा एक तास जातो, कुणाचे चार रविवार. घाई करू नये. चाळीस मिनिटांत हात भरून येतात, तिथे थांबावे. आज न जमलेले पुष्कळदा एका झोपेनंतर जमते.

पायडले परत लावताना आट्यांना थोडे ग्रीस आणि सुरुवात बोटांनीच. डावे-उजवे बदलून पान्याने रेटले तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांडीचे, आटे जातात. पायडलाच्या आसाच्या टोकाला बहुधा इंग्रजी ‘एल’ किंवा ‘आर’ कोरलेले असते. निघताना उजवे पायडल पुढे आणि जरा वर, उजवीकडून पाहिल्यास घड्याळात दोन वाजता तासकाटा असतो तसे. एक दाब दिला की सायकल तोलाच्या वेगाला येते. साखळी उजव्या अंगाला, म्हणून सलवारीचा उजवा पायचा रबराने बांधावा, ओढणी घरीच. सीट हळूहळू, बोट-बोट वर घ्यावी.

मदत करणाऱ्याने हँडल धरू नये. चालवणाऱ्याने केलेली दुरुस्ती त्या हातात विरते. धरायचेच तर खांद्यामागे हलका हात. आधाराची छोटी चाके तर नकोतच. सायकल कलतच नाही, मग जे शिकायचे ते शिकायचे राहून जाते.

मूल पडले तर कुणी थांबून बघत नाही. मोठे माणूस पडले की बघ्यांचे कोंडाळे होते. महापालिकेने शाळांची मैदाने रविवारी सकाळी सहा ते आठ प्रौढ नवशिक्यांसाठी खुली ठेवावीत. तीन-चार बिनदांड्याच्या सायकली, एक पंप, १५ नंबरचा एक पाना, आणि काढलेली पायडले ठेवायला दोन डबे. डब्यांवर ‘डावे’ आणि ‘उजवे’ असे ठळक लिहून.

— सायकल शिकवणारे काही वाचक, पुणे