पूर्वपुण्याईवर विश्वविजेतेपदाची संधी

फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ याच्या पुनरागमनाचे गुणगान करणारा लेख (क्रीडा पुरवणी) वाचला. वयाच्या ४६व्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, तो तत्कालीन विश्वविजेत्या मारिओ बॅरिओससमोर बारा फेऱ्या टिकला आणि लढत बरोबरीत सुटली, याचे कौतुक मलाही आहे. पण ही लढत त्याला मिळाली कशी, हा प्रश्न लेखात येतच नाही. वेल्टरवेट (१४७ पौंड) गटातला त्याचा शेवटचा विजय जुलै २०१९ मधला, कीथ थर्मनविरुद्धचा. पहिल्याच फेरीत थर्मनला खाली पाडून चाळिशीतल्या पॅकियाओने जिंकलेली ती लढत खरोखर देखणी होती. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये योर्डेनिस उगासकडून हार, निवृत्ती, फिलिपिन्सच्या अध्यक्षपदाची निवडणूक (तीही हरला) आणि मग थेट विश्वविजेतेपदाची झुंज! मधल्या काळात प्रदर्शनी सामने सोडले तर व्यावसायिक लढत एकही नाही. तरीही ‘डब्ल्यूबीसी’ने (विश्वविजेतेपद देणारी जागतिक मुष्टियुद्ध परिषद) त्याला मानांकन, म्हणजे विजेत्याला आव्हान देण्यासाठी लागणारे क्रमवारीतले स्थान, दिले. कारण उघड आहे, त्याच्या नावावर तिकिटे खपतात. लास व्हेगासमध्ये शेवटच्या तीन फेऱ्या तिन्ही पंचांनी बॅरिओसला दिल्या. दम कुठे संपला, हे त्यावरून कळते. आठ वजनगटांत विश्वविजेता ठरलेल्या खेळाडूला अशा मेहेरबानीची गरज नव्हती. क्रमवारीत पायरी पायरीने वर येणाऱ्या, नाव नसलेल्या एखाद्या मुष्टियोद्ध्याची संधी मात्र त्यापायी हुकली. निवृत्तीतून परतणाऱ्याने आधी मानांकित प्रतिस्पर्ध्याला हरवावे, एवढी अट तरी ‘डब्ल्यूबीसी’ने घालायला हवी.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, सांगली