ओपन ते क्लोज

लालबाग, मुंबई
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय गण्या,
सप्रेम नमस्कार.

पैशांसाठी तुझा फोन आला तेव्हा मी मस्जिद स्टेशनच्या जिन्यावर गर्दीत होतो, म्हणून "बघतो" म्हणून ठेवला. पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

काल गच्चीवर दूध आटवलं. आमच्या मजल्यावरचे काका दरवर्षीप्रमाणे म्हणाले, आज लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते आणि या रात्री फासे खेळायला शास्त्राचीच परवानगी आहे. पाडव्यालाही द्यूतप्रतिपदा म्हणतातच. म्हणजे पुरावा तुझ्या बाजूने आहे, हे आधीच कबूल करतो.

पणजीच्या कॅसिनोच्या बोटीवर एका रात्रीत ६२ हजार! ऐकून मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. पण मी पडलो पेढीवरचा हिशेबनीस. घरी येऊन कागद घेतला. तू म्हणालास, रूलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ खाने आणि लागलेल्या खान्याला एकास पस्तीस. समज, प्रत्येक खान्यावर १०० रुपये ठेवले. गेले ३,७००. कुठला तरी खाना लागणारच. त्याचे ३,५०० आणि तुझे ठेवलेले १००, मिळून आले ३,६००. ते १०० रुपये बोटीचे. तिला कुणाला फसवायची गरजच नाही, तू खेळत राहिलास की झालं.

आपल्या बापांचा मटकाही असाच होता की. दहा आकडे, रुपयाला नऊ. तुला माहीत आहे का, हा सगळा धंदा निघाला कापसातून? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडताना आणि बंद होताना जो भाव यायचा, तो तारेनं मुंबईत यायचा आणि लोक त्यावर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, मग कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी इथेच आकडे काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते. दुर्री, पंजी, अठ्ठी निघाली की बेरीज पंधरा, आकडा पाच. आमचे बाबा दिवसभर साच्यावर कापूसच विणायचे आणि संध्याकाळी कापसाच्याच भुतावर दहा रुपये लावायचे.

चिठ्ठी पोचवायला मी जायचो. गिरण्यांच्या संपाच्या आदल्या वर्षीची, १९८१ ची एक रात्र सांगतो. बाबांनी सत्तेचाळीसची जोडी लावली होती, म्हणजे ओपन चार आणि क्लोज सात. नऊला ओपन आला, चौका. क्लोज बाराला. दिवसा मटक्याला शिव्या घालणाऱ्या आईनं स्टोव्ह पेटवून दहा वाजता चहा टाकला. जोडीला रुपयाला नव्वद, म्हणजे लागली तर नऊशे, बाबांच्या पगाराच्या आसपास. मग गावच्या घराची पडवी चिऱ्याची करायची की आधी विहिरीवर पंप बसवायचा, यावर दोघं बोलत बसली. भांडणं नाहीत. बाबांनी कागदावर पडवीचं माप काढलं. त्या तीन तासांत आमच्या खोलीत जेवढा आनंद होता तेवढा नंतर बहिणीच्या लग्नातही नव्हता. बाराला खालून पोरगा ओरडत आला. मिंडी, म्हणजे शून्य. आईनं कपबशा विसळल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिठ्ठी घेऊन गेलो.

दहाला नऊ हे गणित बाबांना कळत नव्हतं असं समजू नकोस. विणकर होते, धागे मोजायचे. ते दहा रुपये नऊशेसाठी नव्हतेच मुळी, ते नऊ ते बारासाठी होते.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. गेल्या वर्षी मीही अडकलो होतो. मोबाइलवरची रमी. सुरुवातीलाच ११ हजार जिंकलो, सुमनला पैठणी घेतली, पगारात फरक मिळाला म्हणून सांगितलं. तिथेच माती खाल्ली. आठ महिन्यांत १ लाख ४० हजार गेले. लोकलमध्ये खेळायचो, संडासात खेळायचो, पेढीवर पावत्या फाडता फाडता खेळायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा सूचना आली की आपली रक्कम काढून घ्या. माझ्या खात्यात १२ रुपये होते. पैठणी अजून कपाटात आहे, सुमन ती नेसली की मी गॅलरीत जातो.

त्यामुळे तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण एक माणूस दाखवायचाय. आमच्या सराफी पेढीच्या गल्लीत सकाळी दुकानं उघडायच्या आधी एक झारेकरी, म्हणजे धुळीतलं सोनं वेचणारा, येतो. राठ ब्रशनं पायऱ्यांच्या फटी, गटाराची कड, सगळं झाडून घमेल्यात भरतो. सोन्याचं काम म्हणजे कानस आलीच, कणकण उडतोच. कारखान्यात तर कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात. हा नळाखाली बसून घमेलं गोल गोल फिरवतो, काळा गाळ काठावरून वाहून जातो, जड ते तळाशी राहतं. कॅलिफोर्नियात १८४९ साली लाखभर माणसं घरदार टाकून नदीत बसून हेच करत होती. ज्या सटरच्या लाकूडगिरणीवर सोनं सापडलं तो त्यापायी धुळीला मिळाला. ब्रॅनन नावाच्या दुकानदारानं आधी घमेली-फावडी विकत घेऊन ठेवली आणि मग सोन्याच्या कणांनी भरलेली बाटली नाचवत गावभर बोंब ठोकली. तो गब्बर झाला खरा, पण मेला तोही कफल्लकच.

मी आमच्या झारेकऱ्याला एकदा विचारलं, "मोठा तुकडा सापडलाय कधी?" त्यानं नखावर एक कण धरला होता, तो पुडीत सरकवला आणि म्हणाला, "मोठा पडला तर शेठ नाही का शोधणार?"

तू ५० हजार मागितलेस, आठवड्यात परत देतो म्हणालास. बोटीसाठी देणार नाही. तू रागावशील, चार महिने फोन करणार नाहीस, वहिनी मधे पडतील, हे सगळं धरून लिहितोय. पण मे महिन्यात तू चिपळूणच्या घराची कौलं बदलायचं म्हणत होतास. सुताराचा अंदाज काय तो कळव, त्यातले वीस हजार मी घालतो, परत नकोत.

आणि ते ६२ हजार, त्यातले आता किती उरलेत? फोनवर विचारलं तर तू नेटवर्क गेलं म्हणालास.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिनू