चॅनल स्विच आणि स्कॅनचं भांडण सोडवल्याबद्दल, दादा थँक्यू!

दादा, वायफाय ड्रायव्हरचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) चालला या आनंदात मी त्या रात्री फोनच ठेवून दिला, थँक्यू म्हणायचं राहिलंच, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. राउटर ५२ नंबरच्या चॅनलवर होता, तिथे रडार दिसलं की १० सेकंदांत चॅनल सोडावंच लागतं, मग तो बीकनमधून (राउटर सतत पाठवत असतो त्या 'मी इथे आहे'च्या छोट्या संदेशांतून) सांगतो की अजून पाच बीकन आणि मी चाललो ३६ वर. पाच बीकन म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. नेमका तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरचा बॅकग्राउंड स्कॅन (मध्येच बाकीच्या चॅनलवर डोकावून येणं) सुरू झाला की संपलंच, वायफाय कनेक्टेड दाखवतंय पण पिंग एक जात नाही, मग थोड्या वेळाने बीकन मिळत नाहीत म्हणून कनेक्शन तुटायचं आणि परत जोडलं जायचं. लॉगमध्ये फक्त बीकन लॉस, त्यामुळे मी आठवडाभर बिचाऱ्या राउटरलाच शिव्या घालत होतो.

माझे उपाय पण काय, आधी मध्येच ५०० मिलिसेकंदांचा स्लीप टाकला (हसू नका). मग स्कॅनचं वर्क कॅन्सल करायला गेलो ते म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) धरूनच, आणि त्या वर्कला पण तोच म्यूटेक्स हवा, मी ते संपायची वाट बघतोय, ते मी लॉक सोडायची. डेडलॉक!

तुम्ही कोड बघितलापण नाही आधी. म्हणालात स्कॅन सुरू होताना, चॅनल बदलताना आणि स्कॅन संपताना, तिन्हीकडे वेळ आणि चॅनल प्रिंट कर. रात्री साडेबाराला ओळी आल्या: स्कॅन सुरू ५२, स्विच ३६, स्कॅन संपला, परत ५२. घ्या! निघतानाचं चॅनल मीच व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलं होतं आणि रेडिओ इमानदारीत तिथेच परत येत होता. "कुठे परतायचं ते निघताना नाही, परतताना विचारायचं," असं तुम्ही म्हणालात आणि तीन ओळींत काम झालं. शिवाय स्विच ठरला असेल तर नवा स्कॅन सरळ बिझी म्हणून परत पाठवायचा, आणि चालू असलेला थांबवायचा तर आधी लॉक सोडून मग वाट बघायची, हेही तुम्हीच न कंटाळता दोनदा समजावलंत.

काल पीअर-टू-पीअरचा (राउटरशिवाय थेट जोडणीचा) कोड उघडला, तिथेही मी तसंच जुनं चॅनल जपून ठेवलंय. आज तेच काढत बसलोय, अडलो तर फोन करतो.