मंत्री महोदय, निदान पोच तरी द्या

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

गिरणी कामगारांच्या घरांच्या मागणीसाठी गेल्या मंगळवारी सकाळी अकराची वेळ आम्हाला आपल्याच कार्यालयातून मिळाली होती. फोन माझ्याच मोबाइलवर आला. "चार-पाच प्रतिनिधी आणा, साहेब स्वतः बसतील, कागदपत्रे घेऊन या," असे सांगण्यात आले. आम्ही सातजण आलो. सर्वांत लहान मी, वय बावन्न. सर्वांत मोठी माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजली आहे. करीरोडच्या पुलाचा जिना ती आता बसत बसत उतरते. प्रवेशपासाच्या रांगेत दीड तास उभे राहून आम्ही आपल्या दालनाबाहेर पोचलो आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिथेच बसलो. साडेपाचला कळले की साहेब दुपारीच दौऱ्यावर निघून गेले आहेत.

हे समजण्यासारखे आहे. मंत्र्यांना कामे असतात. पण मग आम्ही निवेदन पुढे केले, आणि आपल्या माणसाने ते घेतले तरी पोच द्यायला नकार दिला. "साहेबांनी सांगितल्याशिवाय शिक्का मारता येत नाही," म्हणाला. मुलगा तरुण होता, उर्मट नव्हता. उलट आईसाठी त्याने पाणी आणले आणि तिच्याजवळ वाकून म्हणाला, "आजी, अजून किती वर्षे येणार तुम्ही? सोडून द्या आता. शेलूला घर मिळतेय ते घेऊन टाका."

त्या मुलाला दोष द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. त्याने जे विचारले ते मला गेली वीस वर्षे सगळेच विचारतात. माझे सासरचे विचारतात, शेजारचे विचारतात, माझा स्वतःचा मुलगा विचारतो. उत्तर मात्र मी आपल्याला देणार आहे, कारण हा प्रश्न आपल्या दालनाच्या दारात विचारला गेला.

माझे वडील कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. अकरा वर्षे नोकरी झाली होती, त्यातली पहिली चार बदलीवाला म्हणून. रोज सकाळी फाटकावर जाऊन उभे राहायचे, काम मिळाले तर पाळी, नाहीतर परत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. मला आठवते ती शांतता. भोंगा वाजायचा थांबला आणि चाळीतल्या बायकांना कितीतरी दिवस कळेना की डाळ शिजायला कधी टाकायची.

अडीच लाख माणसे बाहेर पडली होती. आज नव्या पोरांना हा आकडा सांगितला की ती विचारतात, मग हरलात कसे? कारण साधे आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकाशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि कामगार होते दुसऱ्याच्या मागे. ज्यांच्यामागे अडीच लाख माणसे उभी होती त्या डॉ. दत्ता सामंतांशी बोलणी करायला सरकार तयार नव्हते. त्यांना १९८४ ला लोकांनी लोकसभेत पाठवले, तरीही नाही. पुढे १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला. संप मागे घेतल्याचे त्यांनी कधीच जाहीर केले नव्हते. माझे वडील हे अभिमानाने सांगत. आई ते ऐकून भांडी आपटायची.

आईचे सांगायलाच हवे. ती खानावळ चालवत होती. अठराजण जेवायचे, सगळे कोकण-घाटावरचे, बायका-पोरे गावी ठेवून आलेले. संप लांबला तशी ती माणसे एकेक करून गावाला निघून गेली. जाताना कुणाकडे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, कुणाकडे चार. आईने सगळ्यांचे हिशेब निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवले होते. वर्षभराने काही जण हमीपत्रावर सह्या करून परत कामावर गेले, तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "तुम्हीही जा. हे जिंकण्यातले नाही. पोरांना काय संप खायला घालू?" वडील गेले नाहीत. त्या दोघांमध्ये पुढची कितीतरी वर्षे नीट बोलणे नव्हते. माझे शिक्षण दहावीला थांबले, भावाचे आठवीला. वडिलांनी भाजी विकली, रंगकाम केले, शेवटी दम्याने गेले. संप म्हणजे काय, तर आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझी आई वडिलांकडे पाठ करून झोपायची, ते. आपल्या फायलीत हे कुठे लिहिलेले नसेल म्हणून सांगते.

आता जमिनीचे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला, असा त्याचा अर्थ सगळे गिरणगाव लावत होते. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, बांधकाम पाडून जी जमीन निघेल तिची नाही, असे ठरले. गिरणी म्हणजे तर भिंतीला भिंत लागलेले बांधकाम! मग वाटायला उरले काय? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्याच काळात एका सरकारी गिरणीची जमीन ७०२ कोटींना विकली गेली. सुमारे सहाशे एकर जमीन होती साहेब, भर मुंबईत. ती ज्या आकड्यांना गेली त्यातला एक आकडा तरी कामगाराच्या बाजूचा होता का?

माझा भाऊ वडिलांच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर बारा तासांची ड्युटी करतो. एकदा आई त्याला डबा द्यायला गेली तर दुसऱ्या वॉचमनने वही पुढे केली. नाव, वेळ, कोणाकडे, कशासाठी. आई बराच वेळ "कशासाठी" या रकान्याकडे बघत उभी राहिली.

घरांचा हिशेब मी आपल्यासमोर मांडते, आपले अधिकारी तो तपासतील. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ ची सोडत ६,९२५ घरांची, मग २०१६ च्या दोन, मग २०२०. सगळी मिळून १५,८७० घरे होतात. आठ वर्षांत पंधरा हजार, म्हणजे वर्षाला दोन हजार. या चालीने उरलेल्यांना घर मिळायला आणखी ऐंशी वर्षे लागतील. बरे, काही अर्ज दुबार असतील, काही अपात्र ठरतील. निम्मे धरा. चाळीस वर्षे! १ जानेवारी १९८२ ला जो कामावर होता त्याला, नाहीतर त्याच्या वारसाला घर, असा आपला नियम. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला पोरगाही आज साठीच्या पुढे गेला आहे. तुम्ही कुणाची वाट बघताय ते आम्हाला कळत नाही असे समजू नका. सातजण आलो होतो त्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी याच कामासाठी अकराजण आलो होतो. चौघे गेले.

आणि मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय. घर शेलूला आणि वांगणीला. कर्जत लाइनवर, लालबागपासून लोकलने दोन तास, किंमत साडेनऊ लाख. त्यातले १७ वे कलम म्हणत होते की हे घर नाकारले तर हक्कच संपला. चाळीस वर्षे ज्याने कशावर सही केली नाही त्याचा हक्क एका ओळीत संपवायला निघालात तुम्ही. ९ जुलै २०२५ ला पावसात हजारो म्हातारी माणसे आझाद मैदानावर बसली तेव्हा ते कलम काढू असा शब्द मिळाला. बसली नसती तर मिळाला असता का? याचे उत्तर मला हवे आहे, कारण आपला तो तरुण मुलगा "सोडून द्या" म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. त्यावर बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या. कायदा नक्षलवाद्यांसाठी आहे, सामान्य माणसाला त्याची भीती नाही, असे सांगितले गेले. मी वकील नाही. पण आमच्यासारख्यांनी मोर्चा काढायचा तो मैदानाच्या कुंपणात, आपल्या दाराशी यायचे तर पास काढून, आणि निवेदन द्यायचे तर पोचेविना, असे सगळे एकत्र ठेवून बघितले की मला भीती वाटते. आम्ही काही बोललो होतो याचा कागदच कुठे राहू नये, अशी व्यवस्था होत चालली आहे. सरकार कुठल्याही पक्षाचे असो. मी या चाळीस वर्षांत सगळ्या रंगांचे झेंडे आमच्या मंचावर येऊन जाताना पाहिले. विरोधात असले की आमच्या शेजारी सतरंजीवर बसतात, सत्तेत गेले की वेळ देऊन दौऱ्यावर जातात.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईत आले. पाय फुटलेले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून ते शेवटचा टप्पा रात्री चालले. सकाळी आझाद मैदानावर मी बिस्किटांचे पुडे घेऊन गेले होते. एका आदिवासी बाईच्या पायाच्या तळव्याची कातडी सुटून आली होती. लेखी आश्वासन मिळाले त्यांना. तरी २०१९ ला त्यांना परत निघावे लागले, २०२३ ला परत. तीच मागणी, वनजमिनीचे पट्टे. तुमच्या आश्वासनाची किंमत ती माणसे पायांनी मोजतात.

आपल्याला कदाचित वाटेल की आम्ही अडाणी आशेवर जगतो. तसे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याला एक सुट्टी द्या, ही त्यातली एक मागणी. कामगारांकडे तेव्हा युनियनचा कायदा नव्हता, मत नव्हते, सरकार इंग्रजांचे. सहा वर्षे गेली. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तीही एका निवेदनापासून सुरू झालेली गोष्ट होती. १९५५ मध्ये मुंबई महाराष्ट्राला कदापि मिळणार नाही असे चौपाटीवरून ठणकावून सांगितले गेले, दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. आपण ज्या राज्याचे मंत्री आहात ते राज्य त्यानंतर साडेचार वर्षांनी झाले, आणि त्यासाठी रस्त्यावर आलेल्यांत गिरण्या बंद ठेवून निघालेले आमचे लोक होते. आपण हुतात्मा चौकात फुले वाहायला जाता. तिथल्या नावांपुढे कधी थांबून वाचा, कोण कुठल्या कामावर होता ते विचारा.

पण खरे सांगायचे तर आई हा इतिहास मनात ठेवून येत नाही. तिला लोखंडे माहीत नाहीत. ती संपाच्या विरोधात होती, आणि गेल्या वीस वर्षांत तिने एकही मोर्चा चुकवलेला नाही. मी एकदा तिला विचारले, वडील जिवंत असताना त्यांना तू शिव्या घालायचीस, आता का येतेस? तिने ती निळी वही काढली. खानावळीतल्या अठरांपैकी ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावांवर काट आहे. शेवटची काट १९९१ ची. राजापूरकडच्या एका माणसाने नऊ वर्षांनी एकशे चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली होती, सोबत दोन ओळी, उशीर झाला माफ करा वहिनी. "तो बिचारा माझ्यासारखाच भिकेला लागलेला," आई म्हणाली, "त्याने दिले. सरकारकडे तर आहे. उधारी मागायला मी का लाजू?"

ती दान मागायला येत नाही, साहेब. जिंकायलाही येत नाही. ती वसुलीला येते. तुमचा मुलगा जेव्हा तिला "सोडून द्या" म्हणाला तेव्हा तिला राग आला नाही, तिला ते समजलेच नाही. थकलेली रक्कम कोण सोडते?

आमच्या मागण्या निवेदनात आहेत, त्या मी इथे परत लिहीत नाही. घर मुंबईतच द्या, पात्रतेची छाननी तारखेनिशी संपवा, १७ वे कलम काढल्याचा कागद दाखवा, एवढेच त्यात आहे. दीड पान. वाचायला पाच मिनिटे लागतील. पण सगळ्यात आधी त्यावर पोचेचा शिक्का मारा, आवक क्रमांक टाका.

आई खानावळीच्या त्याच वहीत आता आपल्या भेटी लिहिते. मागच्या पानांपासून उलटी सुरुवात केली आहे तिने. तारीख, कोण भेटले, काय म्हणाले. त्या मंगळवारी घरी आल्यावर पाय शेकत तिने लिहिले: साहेब नाहीत. पोच नाही. पाणी दिले.

त्याखाली तिने येत्या मंगळवारची तारीख घालून ठेवली आहे. आम्ही अकरा वाजता येतो.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी
लालबाग, मुंबई