त्या रात्री थांबलेल्या दांपत्याचे आभार

गेल्या आठवड्यात भर पावसात माझी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसता कटकट आवाज येई आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत. त्या वेळी स्वतःची गाडी शेजारी आणून उभी करणाऱ्या अनोळखी दांपत्याचे मी मनापासून आभार मानतो. घाईघाईने दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायच्या वायरींचे चारही चिमटे बॅटऱ्यांनाच लावायला निघालेल्या मला बाईंनी थांबवले, लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना जोडली आणि काळ्या वायरचे एक टोक त्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून दुसरे मात्र माझ्या इंजिनाच्या, बॅटरीपासून दूर असलेल्या उघड्या धातूला लावले, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो. (ही खबरदारी गाडीच्या पुस्तिकेत छापलेली आहे, ती मी कधी उघडलीच नव्हती.)

गाडी सुरू झाल्यावरही ते लगेच निघाले नाहीत. गृहस्थांनी मीटर लावून १४ व्होल्ट दाखवले आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) चार्जिंग करतो आहे, तेव्हा आधी बॅटरी तपासून घ्या, असे सांगितले. मी अल्टरनेटरच बदलायच्या विचारात होतो. तपासणीत पाच वर्षांची बॅटरीच निकामी ठरली.

नावे विचारायची राहिली, आणि त्यांची विजेरी अजून माझ्या डिकीत आहे.